प्रतिसाद: पिक्स उधळण्याआधी

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) मधल्या संघाला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, हवा असेल तर ड्राफ्टमधले पुढच्या वर्षांचे पिक्स (कॉलेजचे नवे खेळाडू निवडायचे हक्क) उधळायलाही हरकत नाही, हे वरच्या प्रतिसादातलं म्हणणं काही पटलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २०२१ मध्ये तेच केलं. निवडीच्या बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जायला मायामीला २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक्स दिले, वर तिसऱ्या फेरीचा एक. घेतला कोण, तर क्वार्टरबॅक ट्रे लान्स. करोनामुळे २०२० मध्ये पठ्ठ्या कॉलेजकडून एकच सामना खेळलेला! सॅन फ्रान्सिस्कोकडून चार सामन्यांत सुरुवातीपासून उतरला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला रवानगी. त्याची जागा घेणारा ब्रॉक पर्डी मात्र २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा पिक. उंची बेताची, हातात तोफ वगैरे नाही, पण आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळून तावूनसुलाखून निघालेला. कम्बाइनमधल्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधल्या) उड्या नंतर बघू, मी आधी कॉलेजचे सामने मोजेन.