सल्ला हवा: मॅनेजर टिकतो असा फुटबॉल क्लब सांगा (मुलासाठी, बजेट १५००)

निळूभाऊ_सातारा:
मंडळी नमस्कार. मी २००५ पासून चेल्सीवाला आहे, त्यामुळे मॅनेजरला नारळ मिळणं म्हणजे माझ्यासाठी पावसाळा, येणारच. पण पोरगा ११ वर्षांचा आहे, सहावीत, आणि तो मॅनेजरला "सर" म्हणतो, म्हणजे शाळेतल्या सरांसारखंच. २०२४ ला हट्टाने जर्सीच्या मागे तेव्हाचा मॅनेजर पोचेटिनोचं नाव छापून मागवली. कुरिअरची पोच मिळाली आणि त्याच आठवड्यात पोच गेला. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. मग मारेस्का आला, २०२५ ला क्लब वर्ल्ड कप जिंकला म्हणून बरं चाललं होतं, पण आधीचा टुखेल चॅम्पियन्स लीग जिंकून पण गेलाच की, त्यामुळे मी पोराला काही बोललो नाही.
तर १७ डिसेंबरला वाढदिवस आहे आणि त्याला नवीन क्लब हवाय. अटी:
त्याच्या दहावीपर्यंत सर बदलू नयेत (साधारण ४ वर्षं).
मॅच रात्री दीड वाजता नको, सकाळी सातला शाळेची रिक्षा येते.
जर्सी १५०० च्या आत, छपाई धरून. प्लीज बजेट वाचा.

गनर_गिरगाव:
आर्सेनल. विषय संपला. वेंगर १९९६ ते २०१८, बावीस वर्षं एकच माणूस. आर्तेता २०१९ च्या डिसेंबरात आला, पुढच्या डिसेंबरात आम्ही पंधराव्या नंबरवर होतो, तुमच्याकडे असता तर नाताळच्या आधीच घरी गेला असता. आमच्या मालकांनी थांबायचं ठरवलं आणि आज बघ. (याच मालकांच्या नावाने आम्ही वर्षानुवर्षं ठणाणा केलाय तो भाग वेगळा.) जर्सी ओरिजिनलच घे, पाच हजाराच्या आसपास जाईल पण एकदाच घ्यायची. मी घेतली, सहा वर्षं झाली, धागा सुटला नाही.

रेडडेव्हिल_डोंबिवली:
हसू आलं. सहा वर्षांत पोरगा केवढा होतो माहितीये का, जर्सीचा रुमाल होईल.
बाकी टिकणाऱ्या मॅनेजरचं आम्हा मँचेस्टर युनायटेडवाल्यांना नका शिकवू, फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षं होता. त्याच्यानंतर काय झालं ते विचारू नका. मोयेसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि दहा महिन्यांत काढलं. टेन हागला २०२४ च्या जुलैत कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं आणि ऑक्टोबरात नारळ, त्याला आणि त्याच्या स्टाफला घरी पाठवायचे १ कोटी ४ लाख पौंड. वाढवलं कशाला होतं मग? आमच्या कंपनीत इन्क्रिमेंट मागायला गेलो की खर्च कमी करा म्हणतात.

निळूभाऊ_सातारा:
दादा म्हणजे युनायटेड घेऊ की नको?

रेडडेव्हिल_डोंबिवली:
नको. पण आर्सेनल तर अजिबात नको.

बालेवाडी_बाबा:
मालकाच्या लुडबुडीचा विषय निघाला आणि अजून कोणी ब्लॅकबर्नचं नाव घेतलं नाही? अहो आपल्या पुण्याचे मालक आहेत, सिंहगड रोडवर ऑफिस. २०१० च्या नोव्हेंबरात वेंकीजने क्लब घेतला, डिसेंबरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. टीम तेरावी होती, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मानाने छान चाललं होतं. त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवलं. मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून खालच्या लीगमध्ये गेले, त्या मॅचला पब्लिकने क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी ग्राउंडवर सोडली होती. कोंबडीचा धंदा म्हणून कोंबडी. त्याच सीझनमध्ये, ऑक्टोबर २०११ ला, टीम बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आली होती, मी ऑफिसला दांडी मारून गेलो होतो, एवढ्या जवळून प्रीमियर लीगची टीम परत बघायला मिळाली नाही.
खरा तमाशा पुढच्या सीझनला. सप्टेंबरात कीन गेला. मग हेनिंग बर्ग, ज्याने १९९५ ला याच क्लबकडून खेळून लीग जिंकली होती, घरचाच माणूस, तो ५७ दिवस. मग अ‍ॅपलटन ६७ दिवस. कॅलेंडरचं पान उलटायच्या आत माणूस उलटा. गंमत बघा, नंतर २०१७ ला मोब्रे आला, तेव्हा आणखी एक लेव्हल खाली गेले, पण त्याला काढलं नाही, त्याने पुढच्याच वर्षी वर आणलं आणि पाच वर्षं राहिला. माझं मत असं की मालक नवीन असतो तोपर्यंत त्याला हात घालायची खाज असते, पाचसहा वेळा पोळला की मग सोडून देतो. त्यामुळे क्लब बघू नका, मालक किती जुना आहे ते बघा.

लेस्टरवहिनी:
बाबा, शेवटचं वाक्य अर्धंच बरोबर. मी १४ वर्षं लेस्टरमध्ये राहते. आमचे थायलंडचे मालक २०१० पासूनचे, म्हणजे जुने, आणि माणूस देवासारखा होता, मुलांच्या हॉस्पिटलसाठी २० लाख पौंड दिले. तरी मॅनेजर रानिएरीला काढलंच. २०१६ ला लीग जिंकली, नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ ला, नारळ. आमच्या गल्लीत गुजराती काकू रडत होत्या ज्यांना ऑफसाइड काय ते माहिती नाही. पण मी खरं सांगू, तेव्हा टीम शेवटच्या तिघांच्या (जे खालच्या लीगमध्ये जातात) फक्त एक पॉइंट वर होती आणि काढल्यावर पुढच्याच मॅचला लिव्हरपूलला ३-१ ने हरवलं. म्हणजे मालक चुकला असंही छातीठोक म्हणता येत नाही. भावनेने बघितलं तर कृतघ्नपणा, टेबल बघितलं तर शहाणपणा. मुलाला लेस्टर घेऊन देऊ नका, आमचंच काही खरं नाही.

काटेकोर_काका:
इथे सगळे मॅनेजर मॅनेजर करताहेत, त्यात मूळ घोळ आहे. वेंगर, फर्ग्युसन हे मॅनेजर होते, म्हणजे प्लेअर घेणं, विकणं, अकॅडमी, सगळ्यावर त्यांची नजर. मारेस्का हा चेल्सीत हेड कोच होता. प्लेअर आणणार स्पोर्टिंग डायरेक्टर, पैसे देणार मालक, आणि हरलं की जाणार कोच. म्हणजे स्वयंपाकीण तुमची, पण भाजी सासू आणणार आणि मीठ जास्त झालं की स्वयंपाकीण बदलणार. क्लबांना हे सोयीचं पडतं कारण माणूस बदलला तरी बाकी गाडा तसाच चालतो. पण सोयीचं म्हणजे फुकट नव्हे, कॉन्ट्रॅक्टचे उरलेले पैसे द्यावे लागतात, शिवाय तो आपले चारपाच सहायक आणतो, त्यांचेही. चेल्सीला एकट्या कोन्तेचं प्रकरण स्टाफ आणि कोर्टकचेरी धरून २ कोटी ६६ लाख पौंडांना पडलं. अर्थात ही रक्कम एका डिफेंडरच्या किमतीपेक्षा कमी आहे म्हणून मालकाला टीम बदलण्यापेक्षा माणूस बदलणं स्वस्त वाटतं.

रेडडेव्हिल_डोंबिवली:
काका स्वयंपाकीण कशाला, आचारी म्हणा की.

काटेकोर_काका:
उदाहरण आहे ते.

मडगांवकार:
इंग्लंडला कशाला जाताय बाबा रे, आमच्या गोव्यात बघा. २०२० ची ३१ जानेवारी. एफसी गोवा टेबलमध्ये एक नंबरवर, लीगच्या तीन मॅच बाकी, आणि कोच लोबेराला काढला. एक नंबरवर! क्लिफर्ड मिरांडाने उरलेल्या मॅच सांभाळल्या, टेबलमध्ये पहिलं येण्याची शील्ड आम्हीच जिंकलो, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. मग म्हणाल बरोबरच केलं. थांबा. लोबेरा गेला मुंबई सिटीला, आमचे प्लेअर पण मागोमाग गेले, आणि पुढच्याच सीझनला सेमीफायनलमध्ये पेनल्टीवर आम्हालाच ६-५ ने घरी पाठवून शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही घेतले. मी त्या रात्री फतोर्ड्यात घरात बसून टीव्हीवर बघत होतो, मॅच गोव्यातच पण कोविडमुळे आत सोडत नव्हते. अजून जिरत नाही.

स्टुटगार्टची_सई:
दादा, तुमच्या अटींत बसणारा एकच क्लब आहे. जर्मनीतला हायडेनहाइम. कोच फ्रांक श्मिट २००७ पासून आहे, त्याच गावचा, त्याच गावात वाढलेला. चौथ्या लेव्हलवर होते तेव्हा घेतली टीम, २०२३ ला बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आणली. त्या सीझनची शेवटची मॅच ०-२ ने मागे होते, एक गोल फेडला आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत आणखी दोन करून ३-२. पहिल्याच सीझनला आठवे आले. गाव म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढं, स्टेडियम १५ हजारांचं. मी नवऱ्याबरोबर एकदा गेले होते, थंडीत पाय गोठले पण सॉसेज मस्त.
आणि जर्मनीत ५०+१ चा नियम आहे, म्हणजे क्लबच्या सभासदांकडे मतांचं बहुमत राहतं, त्यामुळे एखादा श्रीमंत माणूस आला आणि मला चेहरा आवडला नाही म्हणून काढला असं सहसा होत नाही. सहसा म्हणते कारण बायर्नने २०२३ ला कोच नागेल्समानला काढलंच, तो स्कीइंगला गेला होता तेव्हा.
टायमिंग: शनिवारी दुपारच्या मॅच तुमच्याकडे हिवाळ्यात रात्री आठला, उन्हाळ्यात सातला. शाळेची चिंता नाही.

निळूभाऊ_सातारा:
ताई हे भारी आहे. आमच्या चेल्सीने २०२४ ला कॉन्फरन्स लीगमध्ये त्यांना हरवलेलं आठवतंय. जर्सी इथे मिळेल का?

स्टुटगार्टची_सई:
क्लबच्या साइटवर. पोस्टेज धरून बजेटच्या पाचपट तरी होईल, कस्टम वेगळं. मी येतेय मार्चमध्ये, आणू का?

निळूभाऊ_सातारा:
वाढदिवस डिसेंबरात आहे ओ.

सतरा_नंबरी:
वाढदिवस १७ तारखेला? मग लीड्सवाल्यांच्या जुन्या मालकापासून लांब ठेवा. चेलिनो नावाचा इटालियन होता, त्याला १७ आकडा अशुभ. त्याच्या आधीच्या क्लबमध्ये, काल्यारीत, स्टेडियमच्या खुर्च्यांवर १७ ऐवजी १६ब लिहिलं होतं. लीड्समध्ये आल्यावर १७ मेला जन्मलेला गोलकीपर पण नको झाला होता. त्याने हॉकडे नावाच्या मॅनेजरला ७० दिवसांत काढलं. आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच आहे, अमावस्येला टाकी धुवू देत नाही.

पोटभर_फुटबॉल:
७० दिवस म्हणजे निवांत. २०२५ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टने मॅनेजर पोस्टेकोग्लूला ३९ दिवसांत घालवला. ८ मॅच, एकही जिंकली नाही, चेल्सीकडून ०-३ हरले आणि शिट्टी वाजून वीस मिनिटं व्हायच्या आत बातमी आली. लोक अजून पार्किंगमध्ये असतील. त्याच्याआधी नुनोला काढलं, ज्याने टीम युरोपातल्या स्पर्धेत नेली होती. आणि रेकॉर्डच हवा असेल तर २००७, इंग्लंडचाच टॉर्की क्लब, मॅनेजर लिरॉय रोझिनियर, १० मिनिटं. इकडे त्याला नेमला, तिकडे क्लब विकला गेला, नव्या मालकाला तो नको होता. चहा तरी प्यायला का देव जाणे.

नवीन_मेंबर_२२:
आर्सेनल घ्या दादा. वेंगर २२ वर्षं होता. ओरिजिनल जर्सी घ्या, डुप्लिकेट एका धुण्यात जाते.

गनर_गिरगाव:
+१

पेठकरी_कोल्हापूर:
एवढं लांब कशाला जायचं म्हणतो मी. साताऱ्याहून कोल्हापूर अडीच तास. या शाहू स्टेडियमला, पोराला पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळाची मॅच दाखवा, मग बघू कुठली आर्सेनल आठवते ते. आमच्याकडे मालकच नाही, अख्खी पेठ मालक. लुडबुड म्हणाल तर चार हजार माणसं एकाच वेळी करतात, कोचला चहाच्या टपरीवर सुद्धा टीम सांगतात. पण नारळ द्यायचा झाला तर तोंडावर देतात, ईमेल नाही.

दिलबहारवाला:
पीटीएम कशाला दाखवताय पोराला, चांगलं दाखवा काहीतरी.

पेठकरी_कोल्हापूर:
आलास का तू.

(इथून पुढचे १४ प्रतिसाद दोघांचे. नव्या धाग्यावर हलवलेत. मॉडरेटर)

छपाईवाली_मावशी:
निळूभाऊ, माझं ऐका, क्लब कुठलाही घ्या पण मागे नाव छापू नका, ना प्लेअरचं ना मॅनेजरचं. माझं टीम-जर्सी छापायचं दुकान आहे, दर ट्रान्स्फर विंडोनंतर आईबाप येतात, ताई हे नाव काढता येईल का. नाही येत, काढलं की कापडावर सावली राहते. पोराचं स्वतःचं नाव किंवा कोरी. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला छापतो तसल्या कापडात ४५० मध्ये होते, पोरगं खेळून खेळून फाडेल तेव्हा वाईट वाटत नाही.

निळूभाऊ_सातारा:
सगळ्यांचे आभार, काल फायनल झालं. शिव्या घालू नका.
पूर्ण धागा पोराला वाचून दाखवला (कोल्हापूरचे १४ सोडून). मी सईताईंच्या हायडेनहाइमवर होतो, नाव पण पाठ करून घेतलं होतं त्याच्याकडून. तो म्हणाला ब्लॅकबर्न. मी म्हटलं अरे ५७ दिवस, ६७ दिवस, ऐकलंस ना, शिवाय ते आता वरच्या लीगमध्ये पण नाहीत. तर म्हणतो, "बाकीच्यांचे सर काढले तर आपण काहीच करू शकत नाही, यांचं ऑफिस पुण्यात आहे, आपण जाऊन विचारू शकतो." बायको हसली आणि तिथेच माझं मत संपलं.
आता सिंहगड रोडच्या ऑफिसात गेटवरचा वॉचमन आम्हाला आत सोडणार आहे का हा प्रश्न मी त्याच्या दहावीपर्यंत पुढे ढकललाय.
जर्सी अर्धी निळी अर्धी पांढरी, इथल्याच एका छपाईवाल्याकडून, ५२०. नंबर १७. मावशी, नाव छापू नको म्हणालात ते सांगितलं त्याला, पण ऐकला नाही. मागे "सर" छापलंय. म्हणे आता कोणीही येऊ दे.

छपाईवाली_मावशी:
साइज काय घेतली? एक नंबर मोठी घ्यायची होती.

गनर_गिरगाव:
५२० ची जर्सी एका धुण्यात जाईल बघ.