मदत हवी आहे : मामा ११ वर्षांनी येरवड्यातून सुटतोय, राहायची सोय कुठे करू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. माझा सख्खा मामा पुढच्या महिन्यात येरवडा कारागृहातून सुटतोय, ११ वर्षं आत होता. गुन्ह्याबद्दल इथे लिहीत नाही, शिक्षा पूर्ण भोगून झालीय. आजी होती तोवर संचित रजेवर (कैद्यांना मधूनमधून मिळणारी सुट्टी) सुटला की गावी जायचा, आता आजी गेली आणि मोठ्या मामाने सरळ सांगितलंय की या घरात पाय ठेवायचा नाही.

मी हडपसरला भाड्याच्या वन आरकेत राहते, नवरा, सासूबाई, दोन पोरं. नवरा म्हणतो आण त्याला, पण मालकाला कळलं तर आम्हालाच खोली सोडावी लागेल. त्याच्यासाठी तीन ठिकाणी खोली बघितली, आधी हो म्हणतात, मग पोलीस स्टेशनला भाडेकरूची नोंद करायची म्हणून आधार मागतात आणि याआधी कुठे राहायचे विचारतात, तिथेच सगळं अडतं. मला खोटं बोलून खोली घ्यायची नाहीये, उद्या कळलं तर त्यालाच रस्त्यावर यावं लागेल.

आत तो सुतारकाम शिकलाय, हात खरंच चांगला आहे. पण २०२३ मध्ये वाढ होऊनसुद्धा तुरुंगात कुशल कामाची मजुरी दिवसाला ७४ रुपये, त्यातून डिपॉझिट कुठून भरणार? मागच्या वेळी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा म्हणाला, तू नको काळजी करू, चार दिवस स्टेशनवर झोपेन. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पहिले दोन-तीन महिने कुठे ठेवता येईल, आणि कोणाला भेटू?

उत्तर :
ताई, सुटायची वाट बघू नका, आत्ताच जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) भेटा. सुटलेल्या कैद्यांना धंद्यासाठी अर्थसहाय्याची योजना त्यांच्याच खात्याची आहे, अवजारं घ्यायला उपयोग होईल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचंच काम करतोय, त्यांनाही फोन करून पुण्यात कोण मदत करेल ते विचारा. अगदीच काही नाही झालं तर महापालिकेचं बेघरांसाठीचं निवारा केंद्र, पण आधी स्वतः जाऊन बघून या. आणि सुटकेचा दाखला सांभाळून ठेवा, झेरॉक्स काढा. माझा भाऊ सुटला तेव्हा आधारला जुना मोबाईल नंबर होता, ओटीपी येईना म्हणून बँकेचं काम महिनाभर रखडलं.

उत्तर :
खोलीपेक्षा आधी काम शोधा. फर्निचरच्या वर्कशॉपवाल्यांकडे कारागीर तिथेच वर झोपतात. मालकाला मात्र पहिल्याच दिवशी खरं सांगा, नंतर दुसऱ्याकडून कळलं की काम जातं.

धागाकर्ती :
खूप आभार दोघांचे. वर्कशॉपचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी सुट्टी टाकून महिला बालविकासला जाते. हडपसर, फुरसुंगी, मांजरी भागात असं वर्कशॉप कोणाच्या ओळखीचं असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मामाबद्दल सगळं मी स्वतः येऊन सांगेन.