लेसोथोत तेच पंचेचाळीस तास, मग पगार निम्मा का?

रानवारा
आफ्रिकेतल्या दोन देशांच्या पगारांची तुलना केली की ठरलेलं उत्तर येतं: "अहो, तिथे राहणं स्वस्त आहे." म्हणून मुद्दाम अशी जोडी घेतेय जिथे हे उत्तर चालत नाही. दक्षिण आफ्रिका, आणि तिने चारही बाजूंनी वेढलेला लेसोथो. लेसोथोची एक लोटी म्हणजे बरोबर एक रँड. रँडच्या नोटा लेसोथोची राजधानी मासेरूच्या दुकानात सर्रास चालतात. दोन्ही देश एकाच जकात संघात आहेत, त्यामुळे मक्याचं पीठ, तेल, साबण बहुतेक सगळं दक्षिण आफ्रिकेतूनच येतं. मासेरूच्या मॉलमध्ये सुपरमार्केटसुद्धा तिकडचीच.

आता 2019 साल बघा. त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा राष्ट्रीय किमान वेतन आलं, ताशी 20 रँड. आठवड्याला 45 तास धरले तर महिन्याला जवळपास 3,900. लेसोथोत कापड कारखान्यांतल्या कामगारांनी 2018 मध्ये रस्त्यावर उतरून भांडण केलं, तेव्हा कुठे त्यांचा किमान पगार 2,000 च्या आसपास गेला. तास तिथेही 45 च. ओव्हरटाईमला दक्षिण आफ्रिकेत दीडपट, लेसोथोच्या तेव्हाच्या, 1992 च्या लेबर कोडमध्ये सव्वापट. म्हणजे जादा तासांतही लेसोथोची बाई मागेच.

मी गारमेंट एक्स्पोर्टमध्ये क्वालिटीचं काम बघते. मासेरूच्या थेत्साने औद्योगिक वसाहतीत जीन्सची लाईन पाहिली आहे. लाईनच्या टोकाला पांढरा फळा: तासाचं टार्गेट, झालेले पीस, रिजेक्शन. एक मुलगी दिवसभर फक्त मागच्या खिशाची दुहेरी टीप मारते. डर्बनलाही तेच मशीन, तीच टीप, तसाच फळा. मग त्या टिपेची किंमत सरहद्द ओलांडली की निम्मी का होते? मला हा उघड अन्याय वाटतो.

बांधावरचा
ताई, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही नोकरी असलेल्या दोघींची तुलना करताय. तिसरी बाई सोडून दिलीत, जिला कामच नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातलं न्यूकॅसल घ्या. 1913 मध्ये गांधीजींनी कोळसा खाणीतल्या हिंदी मजुरांचा संप उभा केला तेच गाव. 1980 च्या दशकात तिथे तैवान, हाँगकाँगचे मालक आले आणि हजारो बायका शिवणकामाला लागल्या. 2010 च्या सुमारास वेतन मंडळाने ठरलेल्या दरापेक्षा कमी देणाऱ्या कारखान्यांवर कारवाई सुरू केली. तेव्हा कारखाने बंद करू नका म्हणून रस्त्यावर कोण उतरलं? त्याच कामगार बायका. काही मालकांनी गाशा गुंडाळून लेसोथो आणि स्वाझीलँड (आताचं एस्वातिनी) गाठलं. ज्या देशात बेरोजगारी तीस टक्क्यांच्या वर आहे, तिथे 2019 चा 3,900 हा पगार बऱ्याच जणींसाठी फक्त कागदावरच होता. घरात आजीच्या सरकारी पेन्शनवर आणि मुलाच्या सरकारी अनुदानावर चूल पेटते. त्यापेक्षा हातात पडणारे 2,000 मला मोलाचे वाटतात.

निळी_शाई
एक भर घालते. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेत घरकामाचा दर सर्वसाधारण दरापेक्षा कमी ठेवला होता, ताशी 15 रँड. तोसुद्धा 45 तासांनी 2,900 च्या वर जातो. म्हणजे जोहान्सबर्गमध्ये कायदेशीर दराने धुणीभांडी करणारी बाई मासेरूच्या शिवणयंत्रावरच्या बाईपेक्षा जास्त कमावते! म्हणूनच कित्येक बासोथो (लेसोथोतल्या) बायका लेकरं आईकडे ठेवून सीमेपलीकडे कामाला जातात. परमिट नसलं की मालकीण देईल तो दर, ही गोष्ट वेगळी आणि फार वाईट.

डोंगरयात्री
मी जोहान्सबर्गला राहतो. रानवाराताई, "तास तेवढेच" हे मला पटत नाही. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना शहराबाहेर फेकलं गेलं आणि वस्त्या अजून तिथेच आहेत. ऑरेंज फार्मसारख्या वस्तीतली बाई पहाटे अंधारात घर सोडते, मिनीबस टॅक्सी पकडते, शहरात उतरून दुसरी पकडते. संध्याकाळी तेच उलट. ते तास कोणत्याच कायद्यात मोजलेले नाहीत, टॅक्सीभाडं मात्र पगारातूनच जातं. थेत्सानेच्या कितीतरी बायका आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतून चालत कारखान्यात येतात. घर सोडल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ आणि टॅक्सीभाडं वजा जाता उरलेला पैसा धरा, दरी बरीच कमी होईल.

रानवारा
@डोंगरयात्री, प्रवासाचा मुद्दा मोठा आहे आणि तो हिशेबात यायलाच हवा. पण टॅक्सीभाडं वजा करून 3,900 चे 2,000 होत नाहीत. शिवाय मासेरूची बाई खोलीभाडं भरते आणि वर गावाकडे डोंगरात पैसे पाठवते, तेही वजा करा. पूर्वी घरचा पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत असायचा. 1980 च्या दशकाअखेर एक लाखाहून जास्त बासोथो पुरुष तिथे होते, पुढे खाणींनी कपात केली आणि तो पैसा आटला. आज अख्खं घर तिच्या एकटीच्या पगारावर.

@बांधावरचा, कारखाने निव्वळ स्वस्त मजुरीसाठी लेसोथोत गेले, हे अर्धंच चित्र आहे. 2000 च्या अमेरिकन कायद्याने, म्हणजे आगोआने, लेसोथोला चीन-तैवानचं कापड आणून कपडे शिवायची आणि ते अमेरिकेत बिनजकात पाठवायची मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेला ती कापडाची सवलत नव्हती. अमेरिकेसाठी शिवणारे कारखाने त्या सवलतीमागे गेले. पण तुम्ही सांगितलेले न्यूकॅसलसारखे मालक लेसोथोच्या सीमेवरच्या मापुत्सोएला गेले ते दक्षिण आफ्रिकेच्याच बाजारासाठी शिवायला. तिथला शर्ट पूल ओलांडून बिनजकात परत येतो आणि जोहान्सबर्गच्या मॉलमध्ये जोहान्सबर्गच्या भावाने विकला जातो. फरकाचे पैसे त्या बाईच्या खिशात जात नाहीत, आणि यालाच माझा आक्षेप आहे.

बांधावरचा
शर्टाचा मुद्दा मान्य. पण अमेरिकेच्या जीन्सचं काय? एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांनी लेसोथोवर 50 टक्के आयातशुल्क जाहीर केलं. ऑगस्टपर्यंत ते 15 वर आलं, पण तोवर ऑर्डरी आटल्या, लाईनी बंद पडल्या, जुलैमध्ये सरकारला बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. इतक्या नाजूक धंद्यात पगार दुप्पट करा म्हणणं म्हणजे उरलेल्या लाईनींनाही कुलूप लावणं.

रानवारा
दादा, 2025 मध्ये लाईनी बंद पडल्या त्या कमी पगारावरच चालू होत्या ना? स्वस्त मजुरीने त्या बायकांची नोकरी वाचवली नाही. मी दुप्पट पगार मागत नाहीये. जो माल दक्षिण आफ्रिकेच्या दुकानात जातो, तेवढ्यापुरता तरी शिवणकामाचा किमान दर दोन्हीकडे एक करा, टप्प्याटप्प्याने. दक्षिण आफ्रिकेने घरकामाचा दर 15 पासून वाढवत 2022 पर्यंत सर्वसाधारण दराच्या बरोबरीला आणला, तसाच.

निळी_शाई
आणि ओव्हरटाईमही दीडपट करा. त्याला खर्च थोडा, पण सीझनमध्ये तोच पैसा हातात येतो.

बांधावरचा
टप्प्याटप्प्याला माझा विरोध नाही. मात्र वाढीव दर खरेदीदार दुकानांच्या करारात आधी लिहून घ्या. नुसता मासेरूच्या मालकावर टाकलात तर तो पुढच्या वर्षी एस्वातिनीला जाईल, आणि थेत्सानेच्या फाटकाबाहेर सकाळी काम मागत उभ्या राहणाऱ्या बायकांची रांग वाढेल. तो करार कोण करणार, दोन्हीकडच्या युनियन एकत्र बसणार का, यावर कोणाला नक्की माहिती असेल तर इथे लिहा.