कास्ट आयर्न बुलेट ३५०: तेल नेमकं कुठून गळतंय ते कसं शोधायचं? इंजिन उतरवावंच लागेल का?

दादरचा_कास्टआयर्न

१९९६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. गाडी रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. सोसायटीने पार्किंगला नवीन फरशी घातली आहे आणि सेक्रेटरींनी डाग दाखवून विचारलंय, त्यामुळे आता हे मार्गी लावायचंच आहे.

उजवीकडे टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला तेल जमतं. टॅपेटच्या झाकणाखाली ओलं असतं. डावीकडे चेनकेसच्या (प्रायमरी चेन आणि क्लचवरच्या कव्हरच्या) सगळ्यात खालच्या टोकाला थेंब लोंबत असतो. गॅरेजमध्ये टायमिंग कव्हरला सिलिकॉन लावून झालं, थोडे दिवस थांबतं आणि परत सुरू. आता म्हणतात इंजिन उतरवून चेंबर (क्रँककेस) उघडावा लागेल. गाडीची ओढ चांगली आहे, धूर नाही, वेगळा आवाज नाही.

इंजिन न उतरवता हे होईल का? सुरुवात कुठून करू? पॅकिंग आणि सोल्युशन कोणतं?

नट_बोल्ट_लालबाग

धूर नाही, ओढ चांगली, म्हणजे चेंबर उघडायचं काही कारण दिसत नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जागा गाडी फ्रेममध्ये असतानाच दुरुस्त होतात. पण आधी पाना बाजूला ठेवा आणि इंजिन धुवा.

डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन फिन्सच्या मधून, स्क्रूंच्या डोक्यांभोवती, रॉकरच्या नळीच्या जोडांपाशी सगळं साफ करा. मग साबणाचं पाणी, मग पूर्ण कोरडं. त्यावर साधी टाल्कम पावडर फुंकून पातळ थर बसवा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. सायन ते फोर्ट एवढं अंतर पुरतं, इंजिन नीट तापायला हवं एवढंच. गाडी उभी केल्यावर लगेच टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे भिजली असेल तिथून गळती सुरू होते. खालचं ओलं बघून काही ठरवू नका, कारण चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो आणि उभ्या गाडीत ते खाली ओघळतं. टायमिंग कव्हरखालचा थेंब बऱ्याचदा टॅपेटच्या झाकणातून किंवा त्याहीवर रॉकरला तेल नेणाऱ्या नळीच्या बँजो बोल्टपासून (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपासून) आलेला असतो. तसं असेल तर कव्हरला कितीही सिलिकॉन लावा, डाग तसाच पडणार.

दुसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडायची वाट. एकाच वेळी तीन जागा ओल्या होतात तेव्हा मला पॅकिंगपेक्षा आधी ब्रीदरचा संशय येतो. पिस्टन खाली येताना दर फेरीला ३४६ सीसी हवा चेंबरमध्ये दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. ही हवा ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायची आणि परत आत यायची नाही, यासाठी एकेरी व्हॉल्व्ह असतो. ज्या गाड्यांना रबरी डकबिल (बदकाच्या चोचीसारखा व्हॉल्व्ह) आहे त्यात ते रबर कडक होतं, ओठ चिकटतात नाहीतर उघडेच राहतात. चिकटले तर दाब पॅकिंगमधून वाट काढतो. उघडे राहिले तर पावसाळ्यात ओली हवा आणि रस्त्यावरचं पाणी आत ओढलं जातं आणि तेल दुधाळ होतं.

तपासायची पद्धत: इंजिन आयडलला ठेवून नळीच्या टोकावर ओलं बोट अलगद धरा. फुंकर बाहेर यायला हवी, बोट आत ओढलं जाता कामा नये. फुंकरच येत नसेल तर नळी काढून आरपार फुंकून बघा. नळीला टाकीखाली किंवा बॅटरीच्या डब्यामागे मुरड पडलेली असते ती नजरेतून सुटते. डकबिल बोटाने दाबल्यावर मऊ लागायला हवं. कडक असेल तर बदलाच, किरकोळ किमतीचा भाग आहे.

ब्रीदर ठीक झाल्याशिवाय एकही पॅकिंग बदलू नका. नवीन पॅकिंगही तसंच ढकललं जाईल.

चिंचपोकळी_३५०

वरच्या उत्तरात एक भर. डाग गाडी चार-आठ दिवस उभी राहिल्यावरच मोठा होतो का, आणि पहिल्या किकनंतर ब्रीदरमधून भसकन तेल येतं का, ते बघा. या इंजिनात तेलाची टाकी चेंबरच्याच ओतकामात आहे. फीड पंपाची (टाकीतलं तेल इंजिनात पोचवणाऱ्या पंपाची) चकती झिजली की उभ्या गाडीत टाकीतलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं. मग डिपस्टिक कमी दाखवते, माणूस वरून तेल ओततो, आणि चालू केल्यावर जास्तीचं सगळं ब्रीदर बाहेर टाकतो. ही गळती नव्हे.

म्हणून डिपस्टिक गाडी फिरवून आणल्यावर लगेच बघायची, सकाळी थंड इंजिनावर नाही. पातळी दोन खुणांच्या मधे पुरे, वरच्या खुणेपर्यंत भरायचा हट्ट नको. खात्री करायची असेल तर उभ्या गाडीच्या क्रँकच्या बाजूचा ड्रेन उघडून निघालेलं तेल मापाने मोजा. अर्धा लिटरच्या आसपास असेल तर पंपाची चकती काचेवर बारीक पेस्टने घासून बसवावी लागेल. घासल्यावर पेस्टचा कणही राहता कामा नये, पेट्रोलने धुवून हवेने उडवा.

कुर्ला_लेथ

टायमिंग कव्हरबद्दल लिहितो, कारण सिलिकॉनवर सिलिकॉन हा प्रकार धोक्याचा आहे. या कव्हरच्या आतून तेलाच्या वाटा जातात. कव्हर आवळल्यावर जास्तीचं सिलिकॉन जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. पुढे त्याचे दोरे सुटतात आणि तेलाबरोबर फिरतात. जाळीत अडकले तर नशीब, वाटेत अडकले तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) कोरडा पडतो. आधी लावलेलं सगळं काढणं हेच इथलं पहिलं काम आहे.

खरवडायला स्क्रूड्रायव्हर नको. ॲल्युमिनिअमवर आडवा ओरखडा गेला की तिथून कायमचं झिरपतं. प्लास्टिकची पट्टी घ्या, चिकट उरलं तर थिनरचा बोळा. स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचा, कारण लांबी वेगवेगळी आहे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दाबलेलं नसतं. गॅरेजमधल्या बऱ्याच "पॅकिंग टिकत नाही" तक्रारींचं मूळ इथे असतं.

आता फेस, म्हणजे कव्हर आणि चेंबर जिथे एकमेकांवर बसतात ती सपाट कड. वर्षानुवर्षं आवळून स्क्रूच्या भोकाभोवतीचं ॲल्युमिनिअम वर आलेलं असतं. चेंबरच्या बाजूला प्रत्येक भोकावर बोट फिरवा, कड हाताला लागते. मोठा ड्रिल बिट नुसता हातात धरून अर्धा फेरा द्या, कड जाते. मशीन लावू नका. कव्हर मात्र काचेवर तपासा: जाड सपाट काच, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं डिझेल, आणि आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवा. चार-पाच फेऱ्यांत कुठे चकाकी आली आणि कुठे काळं राहिलं ते दिसतं. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबा. नंतर तेलाच्या प्रत्येक वाटेतून पेट्रोल आणि हवा मारा.

पॅकिंग ०.५ मिमीचं कागदी, भोकं कव्हरशी ताडून घेतलेलं. तेलाची वाट झाकणारं पॅकिंग बसवलं तर इंजिन जाईल, म्हणून हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चांगल्या फेसवर दोन्ही बाजूंना ग्रीसचं बोट पुरतं. फेस थोडा खराब असेल तर ॲनाबॉन्ड ६६६ (सिलिकॉनचंच सोल्युशन) चा इतका पातळ थर की खालचा धातू दिसला पाहिजे, आणि तेलाच्या भोकांपासून लांब. स्क्रू समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत. सोल्युशन लावलं असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. मुंबईच्या दमटपणाने ते बिघडत नाही, उलट हवेतल्या ओलाव्यावरच ते सुकतं. बिघडतं ते फेसवर राहिलेल्या तेलाच्या बोटामुळे.

कव्हर उघडलंच आहे तर आतलं क्रँकच्या तेलवाटेचं छोटं कॉर्क सील बदला. ते बाहेर गळत नाही, म्हणून सगळे विसरतात. पण तिथून दाब निसटला तर बिग एंडला तेल कमी पोचतं.

दादरचा_कास्टआयर्न

खूप आभार. पावडरची पद्धत केली. डकबिल अगदी कडक निघालं, नवीन लावल्यावर टायमिंग कव्हरची कड कोरडी आहे. टॅपेटच्या झाकणाच्या वरच्या कडेला अजून भिजतं, आणि रॉकरच्या नळीच्या खालच्या जोडालाही. डावीकडचा थेंब तसाच. चेनकेसचा मधला नट अजून आवळू का? टॅपेटच्या झाकणाचाही?

नट_बोल्ट_लालबाग

दोन्ही आवळू नका. या दोन्ही झाकणांना मधे एकच नट असतो. जास्त ताण दिला की मधलं आत जातं आणि कड उचलली जाते, म्हणजे आवळाल तेवढी गळती वाढते.

टॅपेटचं झाकण काढून काचेवर ठेवा. मधे खाली, कडा वर असं डुलत असेल तर ४०० नंबरवर सपाट करा. नवीन पॅकिंग झाकणाला चिकटवा, चेंबरच्या बाजूला फक्त ग्रीस, म्हणजे टॅपेट सेट करायला उघडताना ते फाटणार नाही. नटाखालचा वॉशर नवीन घाला, तिथूनही झिरपतं. छोट्या पान्याने मनगटाच्या जोराएवढंच.

चेनकेससाठी ब्रेक पेडल आणि डावा फूटरेस्ट बाजूला करावा लागतो. खाली पसरट घमेलं ठेवा, कव्हर सुटताच तेल पडतं. रबरी सील चपटं झालं असेल किंवा जोडावर फाटलं असेल तर बदला. खाच चिंधीने पूर्ण कोरडी करून सील सगळीकडे सारखं बसवा, खालच्या वळणात ते वर येतं आणि तिथेच थेंब धरतो. इथे सिलिकॉन मुळीच नको, रबर घसरतं.

निघालेलं तेल मोजा, हे महत्त्वाचं. चेनकेसमध्ये ४२० मिली लागतं. बरंच जास्त निघालं आणि इंजिनातलं कमी होत असेल, तर क्रँकचं डावं ऑईल सील गेलंय आणि इंजिनचं तेल चेनकेसमध्ये येतंय. त्याला क्लच, रोटर आणि आतलं चेनकेस काढावं लागतं, पण इंजिन फ्रेममध्येच राहतं. ४२० च्या आसपास निघालं तर सील चांगलं आहे, फक्त रबर बदलून बंद करा.

चिंचपोकळी_३५०

रॉकरच्या नळीचं: बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा वॉशर असतो. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, परत तसंच घातलं तर बसत नाही. नवीन घ्या, किंवा जुना गॅसवर लाल करून थंड करा, म्हणजे मऊ होतो. त्यावरची काळी पापडी पॉलिश पेपरने काढायची. बँजो बोल्ट आतून पोकळ आहे, लांब पाना लावलात तर डोकं तुटून आटे आत राहतील. आवळताना नळी दुसऱ्या हाताने धरा, ती पिळली तर वरचा जोड गळायला लागतो.

वॉशर, ऑईल सील नागदेवी स्ट्रीटला मिळतील, पण जुना नमुना घेऊनच जा. या गाडीवर बरेच आटे इंची आहेत आणि जवळपासचा मेट्रिक वॉशर बोल्टवर सैल बसतो, मध्यातून सरकतो आणि एका बाजूने गळतो. सीलवर छापलेले तीन आकडे, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, दुकानात जायच्या आधी लिहून घ्या.

सगळं बसवल्यावर पहिल्या गरम फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि फक्त टायमिंग कव्हरचे स्क्रू एकदा हाताने तपासा. नवीन कागद थोडा बसतो, पाव फेरा फिरला तर फिरू द्या, त्याहून जास्त नको.