अमर बापाच्या गोष्टीत सातबारा कुणाच्या नावावर?

मांजराकाठचा
अमरत्वावरच्या आपल्या विज्ञानकथा प्रयोगशाळेतच अडकतात. औषध सापडतं, शास्त्रज्ञ पस्तावतो, कुपी फुटते. मरण म्हणजे काय हे दाखवायचं तर कथा तलाठ्याकडं न्या. माणूस गेला की २१ दिवसांत मृत्यूची नोंद, मग वारसांचा अर्ज, नमुना ६-क या वारस नोंदवहीत नावं, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तेव्हा लेकाचं नाव सातबाऱ्यावर चढतं. बाप १७० वर्षांचा होऊन ठणठणीत असेल तर लेकानं दीडशे वर्षं कुणाच्या रानात राबायचं?

औंढ्याची वाचक
भाऊ, नाही पटलं. वडिलोपार्जित जमीन बाप हयात असताना वाटून घेता येते, तहसीलदाराकडं, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली. तुमची गाठ दुसऱ्याच पानावर सुटली.
खरी गाठ पेशीत आहे. माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनाला गुणसूत्राच्या टोकाचा टेलोमिअर झिजतो. आपले लेखक टेलोमरेज, म्हणजे ते टोक पुन्हा वाढवणारं विकर, टोचून मोकळे होतात. पण बहुतेक कर्करोग हेच विकर वापरून वाढतात! हेन्रिएटा लॅक्स १९५१ मध्ये वारल्या. त्यांच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढायल्यात. अमर झाली ती गाठ, बाई नाही. यावर कुणी का लिहीत नाही?

मांजराकाठचा
ताई, लॅक्स यांचा मुद्दा जबरदस्त आहे. पण वाटणीला सगळे राजी लागतात, मालकीचा वाद निघाला की दिवाणी दावा. आणि वाटणार किती? प्रत्येकाला तीन लेकरं धरा. पाचव्या पिढीपर्यंत ३६३ वंशज, सगळे जिवंत. १० एकर म्हणजे ४०० गुंठे. माणशी जेमतेम गुंठा.

माळवद
म्हातारपण थांबलं की मरण थांबलं, असं दोघंही धरून चालायलात. वर्षाला हजारात एक अपघाती मृत्यू धरला तरी सुमारे ६९३ वर्षांत निम्मे अमर संपतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारीचा भूकंप. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाची माती. त्या भिंतींनी वय विचारलं नाही.
मग ज्याच्यापुढं हजार वर्षं आहेत तो जगेल कसा? मला हीच कथा वाचायची आहे. पौषातल्या थंडीतही तो बाज अंगणात टाकतो. रस्त्यावर जात नाही. आणि उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला नातवाला उतरवतो, स्वतः काठावर दोर धरून उभा राहतो.