वीजपुरवठ्यातील गडबडींचा तालुका-नकाशा : संवेदक कोणते घ्यावेत, कुठे बसवावेत?

सोलापूरचा_मास्तर
नमस्कार. मी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात विद्युत विषय शिकवतो. आमच्याकडे दिवसातून अनेकदा दिवे क्षणभर मंद होतात, शेतीपंपांचे स्टार्टर सुटतात, आणि दोष आपल्याच फीडरवर (उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या वाहिनीवर) होता की उपकेंद्राच्या पलीकडे, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. विद्यार्थ्यांच्या घरी आठ-दहा स्वस्त संवेदक बसवून याची नोंद ठेवावी, असा विचार आहे. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाचे एफनेट साध्या घरगुती सॉकेटला जोडलेल्या उपकरणांतून जाळ्याची फ्रिक्वेन्सी टिपते, असे वाचले. आपल्याकडे तसे करण्यासाठी कोणती सामग्री सुचवाल?

प्रेषण_निवृत्त
सर, सामग्रीआधी नकाशा कशाचा हवा आहे, ते ठरवा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्याच जिल्ह्यात येणारी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी समकालिक झाले, म्हणजे एकाच तालावर चालू लागले. तेव्हापासून आपल्या प्रयोगशाळेतील फ्रिक्वेन्सी आणि गुवाहाटीतील फ्रिक्वेन्सी व्यवहारात एकच आहे. एखादा मोठा जनित्र संच बंद पडला की तिच्यातील बदल सेकंदाला काहीशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने पसरतो, आणि एफनेटचे उपकरण सेकंदाला दहाच नोंदी देते. खंडभर विखुरलेल्या ठिकाणांना ते पुरते; ३० किलोमीटरच्या तालुक्यात सगळे आलेख एकमेकांवर चढलेले दिसतील. आयआयटी मुंबईनेही अशा मोजणीसाठी देशभरातील शैक्षणिक संस्थांमध्ये उपकरणे ठेवली, ती याच कारणाने. फ्रिक्वेन्सीसाठी महाविद्यालयात एकच उपकरण ठेवा आणि बाकी पैसा व्होल्टेजवर घाला, कारण स्थानिक दोषाची खूण तिथेच उमटते.

वितरण_चाचणी
वरील मताशी सहमत आहे, मात्र जागांबाबत एक धोका सांगतो. जिथे गावठाण आणि शेतीपंप यांचे फीडर वेगळे केलेले आहेत, तिथे विद्यार्थ्यांच्या घरचा संवेदक गावठाणाचा फीडर पाहील आणि पंपांच्या फीडरवर काय घडले ते त्याला अर्धवटच कळेल. म्हणून एकाच उपकेंद्राचे किमान दोन फीडर घ्या, त्यांतल्या एकावर सुरुवातीला आणि शेवटाला असे दोन संवेदक ठेवा, आणि एक संवेदक शेजारच्या उपकेंद्रावर असू द्या. मोठा पंप सुरू झाला तर फक्त शेवटाकडे व्होल्टेज पडते आणि हळूहळू सावरते. शेजारच्या फीडरवर दोष झाला तर त्याचा ब्रेकर सुटेपर्यंत उपकेंद्राचे सगळे फीडर एकदम खाली बसतात आणि झटक्यात वर येतात. शेजारचे उपकेंद्रही त्याच क्षणी खाली गेले असेल, तर दोष वरच्या दाबाच्या जाळ्यात शोधावा.

दुसरे म्हणजे, तिन्ही फेज मोजा. आपली ११ केव्हीची रोहित्रे डेल्टा-स्टार जोडणीची असतात, म्हणजे खालच्या बाजूचा प्रत्येक फेज वरच्या दोन फेजमधील व्होल्टेजवर चालतो. ११ केव्हीच्या एका फेजचा जमिनीशी संपर्क झाला की खालच्या बाजूला दोन फेजचे व्होल्टेज पडते आणि तिसरा जवळजवळ तसाच राहतो. नेमक्या त्या तिसऱ्या फेजवर आपला संवेदक असला, तर त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते.

सोलापूरचा_मास्तर
फार उपयोगी माहिती. शेतावरच्या डीपीजवळ (वितरण रोहित्राजवळ) तिन्ही फेज मिळतील, असे तीन पालक आहेत. झेडएमपीटी१०१बी हा व्होल्टेजचा संवेदक आणि ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक, ही जोडी चालेल का?

वितरण_चाचणी
शिकवण्यासाठी चालेल. पण ईएसपी३२ मधील रूपांतरक (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) सरळ रेषेत वागत नाही, म्हणून वेगळा रूपांतरक लावा; परवडत असेल तर एडीई९००० ही मापन चिप घ्या, ती व्होल्टेजची घसरण स्वतःच ओळखते. २३० व्होल्टच्या ९० टक्के, म्हणजे २०७ व्होल्टच्या खाली गेलेली आणि अर्ध्या आवर्तनापासून एक मिनिटापर्यंत टिकलेली प्रत्येक घसरण साठवावी. बॅटरी विसरू नका, नाहीतर सर्वांत महत्त्वाची शेवटची नोंदच हरवेल. फ्यूज आणि विलग करणारा रोहित्र यांच्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती काहीही देऊ नये.

प्रेषण_निवृत्त
घड्याळाबद्दल एवढेच सांगतो की घसरणी जुळवायला इंटरनेटवरची वेळ पुरेल, कारण काही मिलिसेकंदांचा फरक तिथे चालतो. फेजचा कोन मोजायचा असेल तर मात्र ती चालणार नाही. ५० हर्ट्झला एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंश. त्या महाविद्यालयातील एका उपकरणाला दर सेकंदाचा ठोका देणारा जीपीएस लावा आणि त्याचा अँटेना गच्चीवर न्या.

सोलापूरचा_मास्तर
मग पहिल्या सत्रात दोन फीडर, चार ठिकाणे आणि तिन्ही फेज एवढेच घेतो. शेजारच्या उपकेंद्रावरील जागा येत्या आठवड्यात पाहून येतो आणि एका-रेषेची आकृती (तिन्ही फेज एकाच रेषेने दाखवणारा जोडणीचा आराखडा) येथेच देतो.