मदत हवी आहे: मिनेसोटातले सोमाली आणि मूळ हवाईयन, तुलना नेमकी कशाची करू?

मृण्मयी_एम

नमस्कार मंडळी,

मी मिनियापोलिसला पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करतेय. एका कोर्सच्या सरांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला दोन-दोन समाज वाटून दिले. माझ्या चिठ्ठीत निघाले मिनेसोटातले सोमाली आणि हवाईचे मूळ रहिवासी, म्हणजे नेटिव्ह हवाईयन. दोघांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना करायची, पंधरा पानं, मुदत महिनाअखेर. जोडी बदलून मागितली तर सर नुसते हसले.

सोमाली बाजू माझ्या रोजच्या वाटेवरची आहे. आमच्या वेस्ट बँक कॅम्पसला लागूनच सीडर-रिव्हरसाइड वस्ती, रंगीत चौकटींचे ते उंच टॉवर. १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली, यादवी पेटली, माणसं केनियात दादाबसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि तिथून निर्वासित म्हणून अमेरिकेत आली. मिनेसोटात सुरुवातीला मार्शलसारख्या गावांत टर्कीच्या कारखान्यात काम मिळायचं, इंग्रजी येत नसलं तरी चालायचं. एक घर स्थिरावलं की मागून आतेभाऊ, मामेभाऊ, त्यांचे शेजारी. आज राज्यात त्यांची संख्या ८० हजारांहून जास्त आहे. टॅक्सी, ट्रक, गोदामं, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा, अशी कामं. कार्मेल मॉलमध्ये महिन्याच्या सुरुवातीला पैसे पाठवायच्या काउंटरपुढे बायका थंडीचा कोट अंगात तसाच ठेवून उभ्या असतात. फोन कानाला, पलीकडून मोगादिशू नाहीतर नैरोबीतलं कोणीतरी नंबर सांगतंय आणि ही इकडे काचेआडच्या पोराला एकेक आकडा सांगतेय.

हवाईयन बाजू मात्र सगळी पुस्तकातून. १७७८ मध्ये कॅप्टन कुक आला, पाठोपाठ बाहेरचे रोग आले, आणि काही लाखांची वस्ती शंभर-सव्वाशे वर्षांत चाळीस हजारांच्या घरात आली. १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या जोरावर राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं खालसा केली, १९५९ मध्ये राज्याचा दर्जा दिला. एवढं ठीक.

अडचण पुढे आहे. जनगणना खात्याचे दारिद्र्याचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की सोमाली राज्याच्या सरासरीच्या तिपटीहून वर दिसतात आणि हवाईयन त्यांच्या राज्याच्या सरासरीपेक्षा थोडेसेच वर. म्हणजे 'सोमाली गरीब, हवाईयन बरे' असं लिहून दोन पानांत पेपर संपतो! पण दुसरीकडे ओआहू बेटाच्या वायआनाए किनाऱ्यावर तंबू ठोकून राहणाऱ्या हवाईयन कुटुंबांबद्दल वाचलं की हे आकडे खरे वाटत नाहीत.

तर प्रश्न असे: ही तुलना मुळात होऊ शकते का? उत्पन्न आणि दारिद्र्य सोडून दुसरा कुठला मापदंड घेऊ? आणि इथे कोणी होनोलुलूकर आहे का, जो मला जमिनीवरची परिस्थिती सांगेल?

बंड्या_नाना

कसले विषय देतात हो हे लोक! उद्या उल्हासनगरचे सिंधी आणि जव्हारचे वारली यांची तुलना करा म्हणतील.

समुद्रकाठ

नाना, तुम्ही चेष्टेत बोललात, पण मामला अगदी तोच आहे. एक देश सुटून आलेले, दुसरे आपल्याच गावात परके झालेले. मृण्मयी, मी होनोलुलूत बरीच वर्षं आहे, हिशेबतपासनीसाचं काम करते. सवडीने लिहिते.

विदाविक्षिप्त

मृण्मयी, तुमची शंका रास्त आहे. जनगणना खात्याची दारिद्र्यरेषा सगळ्या देशाला एकच असते. मिसिसिपीतल्या खेड्यात जी, तीच होनोलुलूत. आरोग्य खातं सरकारी मदतीसाठी जी वेगळी रेषा काढतं, तिच्यात अलास्का आणि हवाईला जास्त आकडा धरतात. तुम्ही जनगणनेचा तक्ता उचललात म्हणून हवाईयन लोक कागदावर सावरलेले दिसतात. ओआहूवर साध्या बैठ्या घराची मध्यम किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास गेलीय, दूध-अंडी बोटीने येतात, आणि रेषा तीच.

पूरक दारिद्र्य मापन म्हणून एक प्रकार आहे, त्यात घरभाड्यातला प्रादेशिक फरक धरतात. ते मापन लावलं की हवाई राज्याचा आकडा वर चढतो. पण त्याचा नमुना लहान असल्याने एकेका समाजापर्यंत उतरता येत नाही. त्यापेक्षा उत्पन्नातला किती हिस्सा भाड्यात जातो आणि एका खोलीत किती माणसं राहतात, हे दोन मापदंड घ्या. दोन्ही अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत, म्हणजे जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या नमुना पाहणीत, मिळतात.

दुसरा घोळ 'हवाईयन कोण' यात आहे. २०२०च्या जनगणनेत फक्त नेटिव्ह हवाईयन असं लिहिणारे साधारण २ लाख, आणि हवाईयन अधिक चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज, गोरे असं मिश्र लिहिणारे धरले तर ६ लाख ८० हजार. पहिला गट घेतलात तर दोन-तृतीयांशाहून जास्त समाज बाहेर राहतो. दुसराच घ्या, आणि घेतल्याचं पेपरात स्पष्ट लिहा.

समुद्रकाठ

आले परत. वरच्या ६ लाख ८० हजारांत अजून एक भर: त्यातले निम्म्याहून जास्त हवाईबाहेर राहतात. लास व्हेगासला इथे 'नववं बेट' म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या हवाईयन बाईंची तीनही मुलं तिकडे आहेत, कारण तिथे पगारात घर बसतं. तुझ्या सोमाली बायकांच्या हातून पैसा बाहेर जातो, इथून माणसंच बाहेर जातात. फक्त हवाई राज्यातले आकडे घेतलेस तर जे टिकले तेवढेच मोजले जातील. जे परवडत नाही म्हणून गेले, ते नेव्हाडाच्या खात्यात.

आता जमीन. १८४८ मध्ये राजाने 'माहेले' नावाची वाटणी केली: राजाच्या, सरदारांच्या आणि सरकारच्या जमिनी वेगळ्या. दोन वर्षांनी कसणाऱ्या सामान्य माणसालाही दावा लावायची मुभा दिली. पण मोजणी, साक्षीदार, मुदत या भानगडीत त्यांच्या पदरात एकूण जमिनीचा एक टक्काही पडला नाही. बाकीची हळूहळू उसाच्या मळ्यांकडे गेली.

मग १९२१ मध्ये हवाईयन होम्स कमिशनचा कायदा आला. वॉशिंग्टनमधला हवाईचा प्रतिनिधी प्रिन्स कुहिओ याने त्यासाठी खटपट केली. साधारण २ लाख एकर बाजूला काढले: ज्याच्या अंगात किमान निम्मं हवाईयन रक्त त्याला वर्षाला १ डॉलर भाड्याने ९९ वर्षांची लीज. ऐकायला झकास. पण मळेवाल्यांना नको असलेली, पाणी नसलेली, खडकाळ जमीन बरीचशी यात आली. रस्ते आणि पाइप टाकायला पैसा शंभर वर्षांत कधी पुरला नाही. आज प्रतीक्षा यादीत २८ हजारांहून जास्त नावं आहेत. आजोबांनी अर्ज केलेला, आजोबा गेले, बाप अजून यादीत, अशी घरं मी पाहिलीत. आणि मुलांची लग्नं बाहेर होत राहतात, त्यामुळे 'निम्मं रक्त' पिढीगणिक पातळ होतं. मिळालेली लीज मुलाला किंवा नातवंडाला द्यायची तर पाव रक्त चालतं, पण नव्याने यादीत नाव घालायचं तर निम्मंच हवं. त्यासाठी पणजोबांचे जन्मदाखले शोधत लोक नोंदणी कार्यालयात खेपा घालतात. २०२२ मध्ये विधिमंडळाने यादी हलवायला ६० कोटी डॉलर मंजूर केले. बघू.

एक गोष्ट मात्र पेपरात अगदी घालच. नंबर लागला म्हणजे घर मिळालं असं नाही. जमीन या कायद्याखालच्या सरकारी ट्रस्टची, त्यामुळे ती गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे साधी बँक कर्ज देत नाही. केंद्राच्या हमीच्या वेगळ्या कर्जयोजना आहेत, पण त्यांनाही उत्पन्न लागतंच. ज्याला कर्ज झेपत नाही त्याचं नाव ओलांडून वाटप पुढच्या माणसाकडे जातं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच मागे.

मृण्मयी_एम

समुद्रकाठ ताई, खूप आभार! हे कर्जाचं वाचून मी जागेवरच उडाले, कारण सोमाली बाजूलाही गाडं तिथेच अडतं. धर्मात व्याज निषिद्ध, म्हणून कित्येक सोमाली कुटुंबं कमावती असूनही गृहकर्जाला हात लावत नाहीत. बँकेच्या कर्जाऐवजी संस्थेनेच वस्तू विकत घेऊन नफा धरून हप्त्याने द्यायची, अशी पद्धत इथे काही संस्थांनी आणली. आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटरचे हुसेन समतार हे त्यातलं मोठं नाव, २०१० मध्ये ते मिनियापोलिसच्या शाळा मंडळावर निवडून आले होते. पण अशी सोय घरांपेक्षा दुकानधंद्यासाठी जास्त वापरली जाते. शिवाय कुटुंबं मोठी, सहा-सात मुलं असणारी, आणि भाड्याच्या घरांत चार बेडरूम म्हणजे दुर्मीळ. त्यामुळे दोन खोल्यांत आठ माणसं.

मग सगळा पेपर फक्त घरावर लिहिला तर? की 'सामाजिक-आर्थिक स्थिती' म्हणताना शिक्षण, आरोग्य, राजकारण सगळं यायलाच हवं?

डॉ_कांचन

मी इथेच मिनेसोटात, रोचेस्टरला दवाखान्यात असते, म्हणून आरोग्याबद्दल दोन ओळी. 'गरिबी आहे म्हणून आरोग्य वाईट' असं सरसकट लिहू नकोस. २०१७ मध्ये मिनेसोटात गोवराची साथ आली, ७५ रुग्ण, बहुतेक सोमाली मुलं. ही मुलं इथे जन्मलेली, लस फुकट उपलब्ध. २००४ मध्ये त्यांच्यात गोवराच्या लसीचं प्रमाण ९२ टक्के होतं, म्हणजे बाकीच्यांइतकंच किंवा बरंच. नंतर लसीमुळे ऑटिझम होतो अशी खोटी भीती पसरली, लसविरोधी मंडळींनी या समाजात मुद्दाम सभा घेतल्या, आणि २०१४ पर्यंत प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. यात उत्पन्नाचा संबंध फारसा नाही, विश्वास कोणावर ठेवायचा याचा आहे. आया अडाणी होत्या असं लिहिणारे लेख सापडतील. त्यांना प्रश्न पडले होते आणि आमच्यापैकी कोणी वेळेत नीट उत्तर दिलं नाही, हे माझं मत.

बंड्या_नाना

मला एक सांगा, हवाईयन लोकांची ती श्रीमंत शाळा आहे ना? अब्जावधीची मालमत्ता. मग गरीब कसे?

समुद्रकाठ

कामेहामेहा स्कूल्स. राजकन्या बर्नीस पौआही बिशप यांनी मृत्युपत्रात जमीन ठेवली, १८८७ मध्ये शाळा सुरू झाली. आज तो ट्रस्ट राज्यातल्या सगळ्यात मोठ्या खाजगी जमीनदारांपैकी आहे. नाना, ट्रस्ट श्रीमंत आहे, पालक नाहीत. प्रवेश मिळालेल्या मुलाचं भलं होतं, बाकीची मुलं सरकारी शाळेत. पण सोमालींकडे असं काहीच नाही हा फरक मोठा आहे, तो लिही. हवाईयनांकडे स्वतःच्या नावाचा कायदा, ट्रस्ट, १९७८ पासून हवाईयन व्यवहार कार्यालय. मुख्य भूमीवरच्या आदिवासी जमातींसारखी केंद्राची मान्यता मात्र नाही, हवाईचे सिनेटर अकाकांचं त्यासाठीचं विधेयक वर्षानुवर्षं रखडून मेलं. सोमालींकडे संस्था नव्या, पण मतं एका शहरात गोळा झालेली. त्यातून इल्हान ओमर २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून आल्या. आणि सोमालियासह काही देशांवरच्या २०१७च्या प्रवासबंदीसारखा एक आदेश निघाला की निम्म्या घरांची झोप उडते. हवाईयन माणसाला कोणी परत पाठवू शकत नाही, पाठवणार कुठे!

जोडी बदलायची मुभा असती तर सोमालींशेजारी हवाईतले मायक्रोनेशियन, म्हणजे मार्शल वगैरे पॅसिफिक बेटांवरून आलेले लोक, ठेवायला सांगितलं असतं. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या. अमेरिकेशी झालेल्या करारामुळे त्या लोकांना इथे व्हिसाशिवाय राहता येतं, पण १९९६ च्या कायद्याने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) काढून घेतलं ते २०२०च्या डिसेंबरात परत मिळालं. भाडेकरू म्हणून घरमालक नाक मुरडतात ते त्यांना बघून. एक परिच्छेद जरूर दे.

विदाविक्षिप्त

घरावरच लिहा. पंधरा पानांत सगळं कोंबलंत तर विकिपीडिया होईल. एकच प्रश्न धरा: हातात कमाई असताना मालकीचं घर का होत नाही? एकीकडे व्याज, दुसरीकडे गहाण न ठेवता येणारी जमीन. शिक्षण आणि राजकारण त्या प्रश्नाला चिकटून येईल तेवढंच.

मृण्मयी_एम

पटलं. शेवटचा तांत्रिक प्रश्न: सोमाली मोजताना जन्मस्थान घेऊ की पूर्वजांचं मूळ (ancestry)? 'रेस'च्या प्रश्नाच्या मुख्य गटांत ते 'ब्लॅक' मध्ये जातात.

विदाविक्षिप्त

जन्मस्थान घेतलंत तर इथे जन्मलेली सगळी पोरं गळतील, आणि छावणीत जन्मलेली केनियाच्या नावावर पडतील. पूर्वजांच्या मुळाच्या प्रश्नात दोन उत्तरं लिहिता येतात, दोन्ही रकान्यांत सोमाली शोधा, आणि घरी बोलायच्या भाषेशी ताडून बघा. सर्व्हेची एका वर्षाची फाइल घेऊ नका, नमुना फार तोकडा पडतो. पाच वर्षांची एकत्र घ्या आणि भारांक (नमुन्यातली एक नोंद किती माणसांच्या वतीने, तो आकडा) लावायला विसरू नका. हा सगळा विदा (डेटा) स्वच्छ करून देणारा आयपम्स प्रकल्प तुमच्याच विद्यापीठात, वेस्ट बँकवर विली हॉलमध्ये आहे. अडलात तर त्यांच्या मदतकक्षाला ईमेल टाका, उत्तर देतात.

अजून एक. दोन्ही समाज वयाने तरुण आहेत, सोमाली तर फारच. घरमालकीचं प्रमाण काढताना कुटुंबप्रमुखाचं वय ३५ ते ५४ एवढाच गट घ्या, नाहीतर पंचविशीतल्या भाडेकरूंमुळे दोन्हीकडचे आकडे उगाच खाली ओढले जातील.